चावी काढल्यावरही फिरणारा पंखा

आमची गाडी आमच्या देवश्रीपेक्षा वयाने मोठी. मुलगी लग्न होऊन कॅनडाला गेली, गाडी मात्र जे. पी. नगर सोडायला तयार नाही.

तिचा जुना पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. इंजिन पळालं तर पंखा पळणार. आता बंगळुरूच्या ट्रॅफिकमध्ये कुठलं इंजिन पळतंय? दर सिग्नलला गाडी तापायची. म्हणून उमाकांतांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, रेडिएटरसमोर विजेचा पंखा बसवला. सरकारी कारखान्यातून रिटायर झालेले इंजिनिअर ते, मेकॅनिकला हात लावू देतील? फ्यूज, रिले, वायरिंग, सगळं स्वतःच्या हाताने. माझी स्वयंपाकघरातली चांगली कात्री वायरी सोलण्यात कामी आली. त्यावरून मी घर डोक्यावर घेतलं होतं.

पाणी तापलं की पंखा आपोआप लावणारा छोटा सेन्सर बाजारात मिळतो. पण जन्मभर टेस्टिंग विभागात काढलेला माणूस सेन्सरवर विश्वास कसला ठेवतोय! "सेन्सर मरतो तेव्हा सांगून मरत नाही," म्हणाले. "तापमानाच्या काट्यावर माणसाची नजर हवी." म्हणून डॅशबोर्डवर स्विच लावला. काटा चढला की आपण तो दाबायचा.

वर्षभर त्यांनी तो न चुकता दाबला. मग विसरायला लागले.

पहिल्यांदा बॉनेटमधून वाफा आल्या तेव्हा म्हणाले, रेडिएटरचं झाकण खराब आहे. दुसऱ्यांदा म्हणाले, पाणी कमी होतं. मी शेजारीच होते. पाणी भरपूर होतं, स्विच बंद होता. त्यांनी नवं झाकण आणलं आणि चार दिवसांनी आणखी एक नवं झाकण आणलं. पहिलं आणल्याचं आठवतच नव्हतं. ते दुसरं झाकण मी पिठाच्या डब्यामागे लपवलं.

गाडीचं मला काही नव्हतं. उकळली तर दुरुस्त होते. पण ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका पकडल्या, त्याला स्वतःची ही चूक सापडली तर तो खचेल, याची मला फार भीती वाटत होती.

सर्व्हिसिंगचं निमित्त करून मी गाडी बंगळुरूच्याच शिवाजीनगरला पिराजीच्या गॅरेजात नेली. पिराजीचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं. मराठी बोलतो, पण कानडी घोळवून.

"सेन्सर बसव," मी म्हटलं. "पण त्यांचा स्विच हलवायचा नाही. त्यांनी दाबला तरी पंखा लागला पाहिजे, नाही दाबला तरी लागला पाहिजे."

"सरी, अक्का, बसवतो. सायबांना सांगायचं नाही, असंच ना?"

"नाही सांगायचं."

"आमचे अप्पा पण असंच विसरत होते," म्हणाला आणि पाना उचलला.

निघताना त्याने सांगितलं, "सेन्सरचा करंट सरळ बॅटरीतून घेतलाय. चावी काढली तरी पंखा स्वल्प वेळ फिरेल, पाणी निवेपर्यंत." मी हो हो म्हटलं. माझं लक्ष घड्याळाकडे.

रविवारी आम्ही जयनगरला भाजीला गेलो. परतताना सिग्नलला काटा चढू लागला. उमाकांत पुढच्या रिक्षावाल्याला नावं ठेवण्यात रंगले होते. हात स्विचकडे गेलाच नाही. मी काट्यावरून नजर काढली नाही. तेवढ्यात समोरून पंख्याची घरघर आली आणि काटा उतरला. मला इतका आनंद झाला, की त्या रिक्षावाल्याला मीही दोन शिव्या घातल्या.

घरी पोचलो. त्यांनी चावी काढली. इंजिन बंद झालं. पंखा मात्र फिरतच राहिला.

त्यांनी केलेल्या वायरिंगमध्ये चावी काढली की पंखा थांबायचा. हे माझ्या आत्ता ध्यानात आलं. उमाकांतांनी मान तिरकी करून ऐकलं, मग स्विचकडे पाहिलं. तो बंद होता. मी उगाच पिशवीतली कोथिंबीर निवडायला घेतली.

पाणी निवल्यावर पंखा थांबला.

"पिराजीने केलं?"

"मी सांगितलं त्याला."

"काम चांगलं केलंय." मग हळूच म्हणाले, "मी किती वेळा विसरलो?"

"अहो, गर्दीत कुणीही विसरेल."

"नयना."

"बऱ्याचदा," मी म्हणाले आणि मला रडूच फुटलं. उलट त्यांनाच माझी पाठ थोपटावी लागली.

"मला माहीत आहे गं," ते म्हणाले. "सकाळी फिरायला जातो ना, दोनदा परतताना घर सापडलं नाही. वॉचमन घेऊन आला. तुला सांगू नको म्हणून मीच त्याला बजावलं. तू घाबरली असतीस."

त्यांनी चावी माझ्या हातात ठेवली.

"उद्या डॉक्टरांकडे जाऊ. गाडी तू चालव. आणि वाटेत मी विचारलं, कुठे चाललोय, तर चिडू नकोस."