लपलेल्या प्रश्नांची उत्तरं

घरी आजारी माणसाची सेवा करणाऱ्यांसाठी धाकट्याला ऑनलाइन फॉर्म बनवायचा होता. प्रश्न दोनशे बारा, आणि त्यातल्या निम्म्यांची वाट आधीच्या उत्तरावर ठरणारी. कुठल्या 'हो'नंतर काय दाखवायचं, कुठल्या 'नाही'नंतर काय लपवायचं, या गुंत्यात त्याच्या नाकी नऊ आले.

शेवटी त्याने आईला हाक मारली. तिने चाळीस वर्षं पहिली-दुसरीची मुलं शिकवली होती. गुंता दिसला की तिचे हात शिवशिवत.

"पडद्यात डोळे फोडून काय होणार? जमिनीवर मांड."

एकेक प्रश्न एकेका चिठ्ठीवर उतरला. चिठ्ठ्यांमधून लोकरीचे धागे गेले. पलीकडच्या खोलीतून, अंथरुणाला खिळलेले बाबा ओरडले, "हा पसारा माझ्या आजारपणावर खपवू नका!"

"तुम्ही गप पडा हो," आई म्हणाली, आणि लेकाकडे वळली. "आता चाल. समज, तू आजारी माणसाची बायको आहेस. प्रत्येक वाटेने शेवटापर्यंत जा."

तो पायमोज्यांनी चिठ्ठ्यांमधून चालला. चार प्रश्नांपर्यंत कुठलीच वाट जात नव्हती, हे तेव्हा कळलं.

"आणि पुढे गेलेल्याने मागे येऊन उत्तर बदललं तर?"

"तर ती वाट बंद. तिथली उत्तरं पुसून टाकायची."

"पुसायची की नुसती झाकायची?"

"पुसायची. नाहीतर कचरा साठतो. हा तुझा फळा नाहीये, आई."

"फळासुद्धा मी मुलांना विचारून पुसायचे," ती हसून म्हणाली आणि बाबांच्या औषधाला उठली.

फॉर्म आधी तिनेच भरून पाहायचा ठरलं. दुसरा प्रश्न होता, 'रुग्ण सध्या तुमच्यासोबत आहे का?' 'हो' म्हटलं की खाली रोजचा एक चौकोन उघडायचा: 'आज रुग्ण काय बोलला?' आई रोज दुपारी तो भरायची आणि तसाच जपून ठेवायची. असे चौतीस चौकोन भरले. पस्तिसाव्या दिवशी पहाटे बाबा गेले.

दोन आठवड्यांनी आईने फॉर्म उघडला. अर्धवट काम तिला कधी बघवत नसे. दुसऱ्या प्रश्नापाशी ती बराच वेळ थांबली. मग तिने 'हो'चं 'नाही' केलं.

"अरे, यांचं बोलणं कुठे गेलं?"

धाकट्याने घाईघाईने पुन्हा 'हो' केलं. चौकोन आले, पण कोरे. आपल्या कचेरीत सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईंना त्याने फोन लावला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "काही बिघडलेलं नाही रे. तू लिहिलेला नियम चोख चाललाय."

"दुरुस्त होईल?" आईने विचारलं.

"नियम होईल," तो म्हणाला. "उत्तरं परत येणार नाहीत."

"मग नियम तरी कर. दुसऱ्या कुणाचं राहील."

त्याने 'पुसा'च्या जागी 'झाका' केलं. एका शब्दाचं काम होतं. मग आई कोऱ्या चौकोनांसमोर बसली आणि आठवून आठवून लिहू लागली. 'चहा फार गोड झालाय, बोट बुडवलंस का?' हे बाराव्या दिवसाचं. लिहिताना ती हसली आणि चष्मा काढून पुसू लागली.

संध्याकाळपर्यंत नऊ चौकोन भरले. नंतर हात थांबला.

"बाकीचे अंदाजाने भर ना," तो म्हणाला. "कोण तपासणार आहे?"

शेजारच्याच्या पाटीत डोकावणाऱ्या पोराकडे पाहावं तसं तिने त्याच्याकडे पाहिलं. "ते काय बोलले, ते मी रचू?"

तिने 'जमा करा' दाबलं. फॉर्म पुढे जाईना. पंचवीस कोऱ्या चौकोनांखाली एकाखाली एक लाल अक्षरं उमटली: 'हे उत्तर आवश्यक आहे.'

हाही नियम त्याचाच होता. आईने खुर्ची थोडी सरकवून त्याला जागा करून दिली. धाकट्याने वाकून तो नियम काढला. पडद्यावरची लाल अक्षरं गेली. कोरे चौकोन तसेच राहिले.

मग आईने पुन्हा बटण दाबलं.