गुडघा आईचा, उत्तर मुलाचं

आपल्याकडे दुखणं एकाचं असतं आणि त्यावर बोलायचा मान दुसऱ्याचा! "कसं आहे आता?" असं कुणी विचारलं, की दुखणाईत तोंड उघडायच्या आत घरातला कर्ता पुरुष उत्तर देऊन मोकळा. पटत नसेल, तर आपापल्या घरात जरा डोकावून पाहा.

या घरातला मुलगा विमा कंपनीत साहेब होता. आईवर त्याचा जीव होता, यात शंकाच नाही. आयुष्यभर पायाने शिलाई मशीन चालवून तिचा गुडघा पार झिजला, तेव्हा त्यानेच हौसेने मोठ्या इस्पितळात कृत्रिम सांधा बसवून घेतला. सांधा नव्या बनावटीचा होता. तो बसवलेल्यांचं पुढे कसं चाललंय याचा इस्पितळात अभ्यास चालू होता, म्हणून तिथल्या संशोधक डॉक्टरबाई अधूनमधून फोन करायच्या. नंबर अर्थातच मुलाचा.

"आजींना जिना चढताना दुखतं का? सूज वगैरे?"

"छे हो! एकदम फर्स्ट क्लास! फक्त धावायची बाकी आहे."

"त्यांच्याशी बोलता येईल?"

"मी ऑफिसात आहे ना. पण मी सांगतोय की!"

पाहुणे आले, की तर विचारूच नका. "आई, जरा चालून दाखव!" आई पदर सावरून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची, हसायची आणि पाहुणे तोंड भरून कौतुक करायचे. मग ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहायची. गुडघ्यात कळ मारायची, आत काहीतरी हलल्यासारखं वाटायचं.

"यांना सांगू का?" सून विचारायची.

"नको गं. किती हौसेने केलंय त्याने. उगाच हिरमुसेल."

सुनेने एकदा धीर करून विषय काढलाच. "वय झालंय तिचं, थोडंफार चालायचंच," म्हणून त्याने तो उडवून लावला.

एके सकाळी आई न्हाणीघरात कोसळली. सांध्याच्या वरचंच हाड मोडलं. सर्जन फोटो बघून म्हणाले, "सांधा कधीचाच सैल झालाय. त्याने आतलं हाड खाल्लंय. वेळेवर कळतं, तर बदलला असता. आता नवा बसवायला धड हाडच उरलेलं नाही. पाय सरळ ठेवून कायमचा जखडावा लागेल. गुडघा पुन्हा वाकणार नाही."

मुलगा बाहेरच्या बाकावर येऊन बसला. त्या फोनवाल्या डॉक्टरबाई जवळ येताच तो त्यांच्यावर भडकला.

"तुम्ही लोकांनी सांधाच खराब दिलात!"

"असेलही," त्या म्हणाल्या. "तेच शोधायला तर मी फोन करत होते! तुमच्या शब्दावर आईंना आम्ही ठणठणीत लोकांत धरलं. अशी आणखी किती घरं असतील, कोण जाणे. त्या भरवशावर तोच सांधा आम्ही इतरांना बसवत राहिलो. माझंही चुकलं. त्यांचा आवाज ऐकल्याशिवाय मी फोन ठेवायला नको होता."

"मला खरंच वाटायचं, ती बरी आहे."

"त्यांना विचारलं होतंत?"

चालून दाखव, असं तो शंभरदा म्हणाला होता. दुखतंय का, असं एकदाही नाही! अरेरे! ज्या माउलीसाठी एवढं केलं, तिचा पाय त्याच्याच कौतुकापायी गेला होता.

दोघं खोलीत गेले. डॉक्टरबाई खाटेशेजारी बसल्या. "आजी, दुखायला कधी लागलं?"

आईने मुलाकडे पाहिलं. काय सांगू रे, असं तिचे डोळे त्यालाच विचारत होते.

"आई, माझ्याकडे नको बघूस. तुझं तू सांग."

"आता सांगून काय होणार? पाय तर गेला."

"हो, तुमच्यासाठी उशीर झाला, आजी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण तो सांधा अजून कुणाकुणाच्या पायात आहे."

आईने मान डॉक्टरबाईंकडे वळवली. मग बोलू लागली, अगदी पहिल्या कळेपासून. ऐकताना मुलाचं तोंड दोनदा उघडलं, पण त्याने ते मिटून घेतलं.

बंधुभगिनींनो, ज्याचं दुखतं त्यालाच विचारा, आणि त्याचं सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नका. या आईलाही शेवटी विचारलं गेलं. पण तोवर तिला देण्यासारखं कुणाकडे काहीच उरलं नव्हतं.