मोज्याची बोटं

भंगाराच्या शेडमध्ये प्लास्टिक निवडणाऱ्या बायांना नव्या कायद्याने विमा मिळाला आणि सोबत जाड हातमोजेही. ते मोजे पसंत करणाऱ्याने आयुष्यात कधी कचऱ्यात हात घातला नसावा. प्लास्टिक कडक की मऊ, हे बोटांना कळतं. मोजे चढवले की बोटं आंधळी होतात आणि मजुरी निम्म्यावर येते. म्हणून सगळ्यांनी केलं तेच तिथे काम करणाऱ्या माझ्या वहिनीने केलं. मोज्याच्या तीन बोटांचे शेंडे कापले आणि लेकीला खेळायला दिले. मुकादमाने पाहिलं आणि काणाडोळा केला. त्याला माल हवा होता.

महिन्याभरात वहिनीच्या बोटात काच घुसली, जखम चिघळली आणि डॉक्टरांनी उजव्या हाताची तर्जनी पेरापासून काढली.

विम्याचा कारकून म्हणाला, "मोजे आणून दाखवा. कापलेले निघाले तर चूक तुमची, मग विसरा."

घरी लेकीने त्या शेंड्यांच्या बाहुल्या केल्या होत्या, पेनाने नाकडोळे काढून. पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं, तरी वहिनीने त्या हिसकावल्या, जमेल तेवढी शाई घासली आणि डाव्या हाताने, दातओठ खात, शेंडे जागच्या जागी शिवले.

कारकुनाने मोजा उलटासुलटा केला. शिवण त्याच्या नजरेतून निसटली. वहिनीच्या जिवात जीव आला.

मग त्याने तर्जनीचा शेंडा खिडकीच्या उजेडात धरला. पुसट झालेले दोन डोळे आणि एक तोंड त्याच्याकडे बघून हसत होतं.