म्यानातला कॉम्प्युटर

"हत्याराची पारख वाबळ्यांनी करायची आणि जगानं बघत राहायचं!"

माधवगंजातल्या आपल्या घरात उभं राहून मानसिंगराव वाबळे यांनी ही घोषणा केली, तेव्हा त्यांच्या एका हातात मेथीची जुडी होती आणि दुसऱ्या हातात विमलबाईंनी नुकतीच परत केलेली सडकी काकडी. ती त्यांनीच अर्ध्या तासापूर्वी बाजारातून पारखून आणली होती.

हत्यार म्हणजे या खेपेला कॉम्प्युटर. त्यांची मुलगी शरयू अकरावीत होती आणि तिनं कॉम्प्युटर हा विषय घेतला होता. शाळेत कॉम्प्युटर चार, मुली चाळीस, आणि ग्वाल्हेरची वीज मनात येईल तेव्हा निघून जाणारी. शरयूचा हात की-बोर्डवर पडायला आणि लाइट जायला नेहमी गाठ पडे. तेव्हा घरीच कॉम्प्युटर आणायचा, आणि तो दसऱ्याला आणायचा, असं मानसिंगरावांनी ठरवलं.

लोकांना वाटलं, मुहूर्त साधताहेत. खरं म्हणजे ती धास्ती होती. मानसिंगराव सरकारी कचेरीत बाबू होते. साल दोन हजार. एक नोव्हेंबरला मध्य प्रदेशाचे दोन भाग होऊन छत्तीसगड वेगळं व्हायचं होतं, आणि कचेरीत कुणाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. चहा आला की लोक उठत आणि चहा संपला की पुन्हा उठत. मधल्या वेळात बसून काय करायचं, हे कुणाला सुचत नसे. कुणी म्हणे, निम्मी माणसं रायपूरला धाडणार. कुणी म्हणे, नावाच्या पहिल्या अक्षरावरून वाटणी करणार आणि 'म' तिकडे जाणार. त्या दिवसापासून मानसिंगराव सही नुसती 'वाबळे' अशी करू लागले.

घरी मात्र त्यांनी यातलं अक्षर काढलं नव्हतं. फंडातून पैसे काढले होते आणि ते एकदाच निघणार होते. आपण इथं असू-नसू, पोरीपाशी काहीतरी भक्कम असावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. भक्कम म्हणजे काय, हे विचारायला ते गावभर फिरले. न्हाव्याला विचारलं. मेहुण्याला विचारलं. देवळातल्या पुजाऱ्याला विचारलं. त्यानं तोंड पूर्वेला असावं, असं सांगितलं. माधवगंजात ज्याचं मत घ्यायचं राहिलं असं माणूस उरलं नाही. उरली होती फक्त शरयू. पण कॉम्प्युटर वापरायचा तिनंच, त्यामुळे तिचं मत पक्षपाती ठरलं असतं.

शेवटचा शब्द तात्यासाहेबांचा. तात्यासाहेब हे मानसिंगरावांचे चुलते, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले आणि मिशांपुरते अजून नोकरीत असलेले. ते म्हणाले, "मानसिंग, वस्तू अशी घे, की बैठकीत पाऊल टाकल्याबरोबर पाहुण्यानं खुर्ची धरली पाहिजे!"

त्या बैठकीत चौरंगावर एक तलवार आहे. दर खंडेनवमीला तिला हळदकुंकू लागतं, झेंडूची माळ पडते, आणि तात्यासाहेब ती म्यानातून उपसायला बघतात. ती येत नाही. गेली कित्येक वर्षं येत नाही. "आज तिची मर्जी दिसत नाही," असं म्हणून तात्यासाहेब घाम पुसतात आणि पूजा म्यानाची होते. शिलाई मशीनचं तेल घालून बघा, असं विमलबाई दर साली सुचवत. पण शस्त्राच्या बाबतीत बायकांना विचारायची वाबळ्यांकडे रीत नव्हती.

याच तलवारीशेजारी कॉम्प्युटरची जागा ठरली. त्यावर घालायला जरीच्या काठाचं मखमली आच्छादन शिवायचं काम विमलबाईंकडे आलं. धूळ बसू नये म्हणून कॉम्प्युटर सणासुदीला आणि पाहुणे आले म्हणजे उघडावा, असं तात्यासाहेबांनी सुचवलं. मानसिंगरावांनी त्यात 'आणि परीक्षेच्या आधी' अशी उदार दुरुस्ती केली.

मग एका संध्याकाळी स्वारी जयेंद्रगंजातल्या दुकानात गेली. पुढे तात्यासाहेब, मागे मानसिंगराव, त्यांच्या मागे नारळाची पिशवी घेऊन शरयू.

"चलाएगा कौन, साहब?" दुकानदारानं विचारलं.

तात्यासाहेबांना प्रश्नच समजला नाही. "चलाना क्या है? बैठक में रहेगा!"

"अंकल, मुझे प्रोग्रामिंग के लिए—"

"तू थांब," दोघंही एकदम म्हणाले.

"बाबा, सुन तो लो ना. मला यूपीएस—"

"मोठ्यांच्या बोलण्यात इंग्रजी घुसडू नये," तात्यासाहेब म्हणाले, आणि दुकानदाराकडे वळून त्यांनी विचारलं, "मल्टिमीडिया है ना?"

होता. बड्या कंपनीचा होता, भला थोरला पडदा होता, टेबलाखाली ठेवायचा घुमणारा स्पीकर होता. दुकानदारानं आवाज वाढवून दाखवला. काउंटरची काच थरथरली आणि शेजारच्या दुकानातला माणूस भांडायला आला.

"हाच!" तात्यासाहेब म्हणाले.

बयाणा दिला गेला. माल खंडेनवमीला पोचवायचा ठरला.

परतताना मानसिंगरावांनी मोठ्या उमेदीनं विचारलं, "काय शरयू? कसा आहे?"

"छान आहे." थोडं चालून ती म्हणाली, "मी शिकायला वर्गातल्या वनमालाकडे जात जाईन. तिच्या काकांकडे जुना आहे एक."

"अगं, मग हा?"

"हा बैठकीत राहील ना."

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मानसिंगरावांनी दटावलं असतं आणि प्रकरण मिटलं असतं. बुटात खडा शिरावा तसं ते वाक्य दुसऱ्या दिवशी कचेरीपर्यंत टोचत गेलं.

कचेरीत त्यांच्या समोरच्या टेबलाला सुधाताई पाध्ये बसत. पेन्शनीला आलेल्या, घरची भिक्षुकी मागे टाकून सरकारी फायलींत जन्म काढलेल्या. जगात काय वाटेल ते होवो, साडेअकराला त्यांचा चिवड्याचा डबा उघडे. त्या दिवशी डब्याबरोबर एक कागदही टेबलावर आला होता. कर्मचाऱ्यांनी आपला विकल्प कळवावा: मध्य प्रदेश की छत्तीसगड.

मानसिंगराव उसळले. "आम्ही काय गुरंढोरं आहोत, सुधाताई? भोपाळला बसून कुणीतरी ठरवायचं, हा इकडे, तो तिकडे! ज्याला जायचं त्याला एका शब्दानं विचारावं, एवढीसुद्धा माणुसकी नाही?"

"विचारलंय की. हा काय कागद."

"हे विचारणं नव्हे! हा देखावा! आतून सगळं ठरलेलं आहे!"

"असेलही." सुधाताईंनी चिवड्यातला शेंगदाणा निवडून तोंडात टाकला. "सरकारनं निदान देखावा तरी केला. तुम्ही शरयूला विचारायचा देखावा केलात का?"

कॉम्प्युटरची हकीकत मानसिंगरावांनी त्यांना सकाळीच अभिमानानं ऐकवली होती. आता त्यांना ती सांगितल्याचा पश्चात्ताप झाला.

"लहान आहे हो ती."

"भोपाळच्या हिशेबात आपणही लहानच."

"पण तिच्या भल्यासाठीच तर—"

"हेच वाक्य परवा भोपाळहून आलेल्या साहेबांनी म्हटलं. तेव्हा तुम्ही टेबलावर मूठ आपटलीत. माझा चिवडा सांडला."

मानसिंगरावांनी पंख्याकडे पाहिलं. पंखाही बंद होता.

"रागावू नका," सुधाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता खाली आला होता. "गेल्या साली तुमच्याकडे खंडेनवमीला आले होते मी. ती तलवार पाहिली. ती कधीकाळी कुणाच्या तरी हाताच्या मापानं घडवली असेल ना? पेलते का, मूठ नीट बसते का, हे त्या हाताला विचारून! पुढं तो हात गेला आणि आपण हळदकुंकू वाहत बसलो. आज ती बाहेर येत नाही. मानसिंगराव, तुम्ही पोरीला कॉम्प्युटर घेत नाही आहात. तुम्ही दुसरी तलवार घेताय. मखमलीसकट."

अरे! मानसिंगरावांच्या मनात लख्ख उजेड पडला! ज्या अन्यायापायी आपण महिनाभर टेबलं बडवतो आहोत, तोच अन्याय आपण घरी नारळ फोडून, मुहूर्त बघून करतो आहोत! त्यांनी विकल्पाचा कागद घडी करून खिशात घातला आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कचेरीत गोंधळ इतका होता, की ती मंजूर झाली की नाही, हे आजतागायत कुणाला ठाऊक नाही.

शरयू शाळेतून आली, तेव्हा वडील दारातच उभे होते. सवय नसल्यामुळे त्यांना सुरुवात जमेना. शेवटी कचेरीतलीच भाषा तोंडात आली.

"शरयू, तुझा विकल्प काय?"

"किसका?"

"कॉम्प्युटरचा गं. तुला कसा हवाय?"

शरयूनं दप्तर खाली ठेवलं. वडील थट्टा करत नाहीत याची खात्री करून घेतली. मग ती जी बोलायला लागली, ती थांबेना. "पडदा छोटा चालेल बाबा. स्पीकर तो चाहिए ही नहीं. सुटे भाग जुळवून देतात ना, तसला साधा डबा चालेल. त्यातून उरेल त्यात यूपीएस घेऊ. म्हणजे लाइट गेली तरी तो थोडा वेळ चालू राहतो आणि केलेलं काम वाचवता येतं. नाहीतर दोन तास टाइप करो, और सब गायब!"

"पण कंपनीचा का नको? कंपनीचा भक्कम असतो."

शरयू अडखळली. "कंपनीच्या डब्याला सील असतं. बिघडला तर त्यांचा माणूस येईपर्यंत वाट बघायची. जुळवलेला मला उघडता येतो, वनमालाच्या काकांनी शिकवलंय. तुम्ही रायपूरला गेलात, तर मी धावपळ करायला कुणाला सांगू?"

मानसिंगराव पायरीवर बसले. "रायपूरचं तुला कुणी सांगितलं?"

"अख्ख्या माधवगंजाला माहीत आहे, बाबा. तुम्ही सही बदललीत ना, आईनं तेव्हाच ओळखलं."

ज्या धास्तीपासून पोरीला वाचवायला म्हणून ते गावभर फिरले, ती धास्ती पोर कधीपासून एकटीच वागवत होती. इतकंच नव्हे, तिनं त्या धास्तीवरचा उपायही शोधून ठेवला होता! फक्त विचारायला कुणी आलं नव्हतं.

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग उठले, स्वयंपाकघरात गेले आणि बायकोला म्हणाले, "ते मशीनचं तेल कुठंय गं?"

विमलबाईंच्या हातातून लाटणं पडलं.

दुसऱ्या दिवशी बापलेक दुकानात गेली. या वेळी शरयू पुढे होती आणि पिशवी मानसिंगरावांकडे. दुकानदारानं तोंड वाकडं केलं, पण बयाणा वळता करून घेतला.

खंडेनवमीला माल आला. करड्या रंगाचा डबा, छोटासा पडदा आणि विटेएवढं जड एक खोकं. तात्यासाहेबांनी डब्याला प्रदक्षिणा घातली. "यावर नावसुद्धा नाही कुणाचं! मानसिंग, तू बेनामी हत्यार घरात आणलंस?"

"जिचं आहे तिला विचारून आणलंय, तात्या."

असं उत्तर त्या घरात आजवर कुणी दिलं नव्हतं, त्यामुळे त्यावर काय म्हणायचं असतं, हे तात्यासाहेबांना आठवेना. पूजा झाली. कुंकू फक्त बाहेरून लावायचं, फटीत अक्षता टाकायच्या नाहीत, असं शरयूनं बजावलं आणि गुरुजींनी ते निमूट ऐकलं. तलवारीला विमलबाईंनी आदल्या दिवशीच तेल पाजलं होतं. तात्यासाहेबांनी मूठ धरून हिसडा दिला आणि तलवार दोन बोटं बाहेर आली! आलेल्या दोन बोटांवर तांबडा गंज होता. तात्यासाहेबांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि तो उजेडात धरून पाहिला.

हत्यारं त्या दिवशी पूजेत असतात, म्हणून कॉम्प्युटर सुरू झाला तो दसऱ्याच्या संध्याकाळी. मखमली आच्छादनाची तोवर उशी झाली होती, कारण शरयूची खुर्ची टोचत होती. तात्यासाहेब सोनं द्यायला आले. आपण त्या बेनामी डब्याकडे बघणार नाही, असं जाहीर करून ते त्याच्या समोरच बसले. शरयू टाइप करत होती. इतक्यात लाइट गेली.

सगळं माधवगंज एका सुरात "ओऽऽ" म्हणालं. गल्ली काळीठिक्कर झाली. आणि वाबळ्यांच्या बैठकीत ते विटेएवढं खोकं टुक्‌-टुक्‌ करू लागलं, आणि पडदा तसाच उजळलेला राहिला!

"अरे, हा जागा आहे!" तात्यासाहेब ओरडले.

"दहा मिनिटं राहील," शरयू म्हणाली आणि तिनं दोन कळा दाबून काम वाचवलं.

मानसिंगरावांना भरून आलं. त्या निळसर उजेडात ते उभे राहिले. "तात्या, रायपूर की ग्वाल्हेर, मला ठाऊक नाही. माझा कागद गेलाय, सरकार ऐकेल न ऐकेल. पण या घरात आजपासून एक कायदा. ज्याच्या हातात वस्तू द्यायची, त्याला आधी विचारायचं! पोर असो, बायको असो, विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं!"

नागरिक बंधुभगिनींनो, यात मानसिंगरावांनी काही वेगळं सांगितलं नाही. आपण घराघरांतून मुलांसाठी शाळा निवडतो, विषय निवडतो, सोयरिकी निवडतो, चारचौघांचं मत घेतो, आणि ज्याचं आयुष्य त्याला तेवढं बाहेर बसवतो. वर म्हणतो, तुझ्याच भल्यासाठी. भलं करायचं असेल तर आधी त्याला विचारावं. राज्यं मोडोत की जोडोत, एवढी सुधारणा आपल्या बैठकीत आपल्याला करता येते आणि तिला भोपाळची मंजुरी लागत नाही.

इकडे बैठकीत खोकं टुक्‌-टुक्‌ करत होतं. तात्यासाहेब उठून दाराशी गेले, अंधारात खाकरले, आणि आयुष्यात कधी नव्हे इतक्या मऊ आवाजात म्हणाले,

"शरयू, पोरी, तुला एक विचारू?"

विमलबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"विचारा ना, आजोबा."

"तो तुझा डबा जरा उंबऱ्याकडे वळवतेस का? माझी डाव्या पायातली चप्पल सापडत नाहीये."