'नाव' काठाला लागते

जावयाने तयार केलेल्या व्हिडिओ गेमचं नाव होतं 'नाव'. कुणी विचारलं, "काय नाव गेमचं?" की तो म्हणायचा, "नाव." समोरचा म्हणायचा, "हो, नावच विचारतोय." हा संवाद इतक्या वेळा झाला होता की त्याच्या बायकोने स्वतःपुरता तोडगा काढला होता. ती दातांची डॉक्टर. पेशंटचं तोंड उघडं आणि जीभ बधिर असताना ती एका दमात सांगून टाकायची, "माझे मिस्टर गेम बनवतात, होडीचा आहे, नावच 'नाव' आहे, आता चूळ भरा."

गेम साधा होता. एक नदी, एक होडी, आणि खेळणारा तो नावाडी. अलीकडच्या काठावर माणसं येऊन उभी राहायची. कुणाच्या हातात पक्ष्याचा पिंजरा, कुणाच्या काखेत घड्याळ, कुणी घरात भांडून आलेलं. ती होडीत बसायची, मनातलं काहीबाही बोलायची, आणि नदीच्या मध्यावर आलं की धुकं लागायचं. दाट, पांढरं, हाताने बाजूला सारावंसं वाटणारं. त्या धुक्यात होडी कशाला तरी थडकायची, माणूस "बरंय, येतो" म्हणून उतरायचा, आणि नावाडी रिकामी होडी घेऊन परत.

धुकं घालण्यामागे फार थोर विचार नव्हता. पलीकडचा काठ बनवायचा राहिला होता, एवढंच.

गेम 'अर्ली अ‍ॅक्सेस'मध्ये होता. म्हणजे छप्पर नसलेल्या घरात भाडेकरू ठेवायचे, आणि कुठे कुठे गळतंय ते त्यांनीच सांगायचं. भाडेकरू उत्साहाने सांगतात. तर अशा अवस्थेत 'नाव'ची सहा वर्षं निघाली. या काळात लोकांनी धुक्यावर इतकं लिहिलं, की जावई थक्क झाला. कुणी म्हणे धुकं म्हणजे विस्मरण. कुणी म्हणे सरकार. एका प्राध्यापकाने त्याच्यावर व्याख्यान दिलं आणि जावयाला आमंत्रण पाठवलं. जावई मागच्या रांगेत बसला आणि इतरांच्या बरोबरीने वहीत टिपून घेत राहिला, कारण त्यालाही हे सगळं नवीनच होतं.

गेमची चित्रं काढणारी त्याची भागीदार, चित्रकार, हे ऐकून म्हणाली, "धुकं काढायला मला अर्धा दिवस लागला होता. तो पण जेवून आल्यावर."

या सगळ्यात जावयाची खरी अडचण घरातच होती. त्याच्या सासूबाई.

सासूबाई मोठ्या इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर लेकीकडे विश्रांतीला आल्या. विश्रांती त्यांना जमेना. स्वयंपाकघरातले डबे त्यांनी उंचीप्रमाणे लावले, मग पडदे धुवायला काढले, मग जावयाच्या केसांबद्दल बोलू लागल्या. तेव्हा लेकीने घाबरून त्यांच्यासमोर लॅपटॉप ठेवला आणि 'नाव' सुरू करून दिला. "जरा वेळ बस गं हे खेळत."

त्या बसल्या त्या बसल्याच. गुडघा बरा झाला, त्या काही गेल्या नाहीत. रोज जेवण आटोपलं की मधल्या खोलीत त्यांची होडी सुटायची. खेळणाऱ्यांच्या चर्चेच्या पानावर त्यांनी 'मेट्रन' या नावाने खातं उघडलं. त्यांचं लिहिणं वॉर्डातल्या सूचनेसारखं असे: छोटं, सभ्य, आणि ज्याच्यावर वाद होऊ शकत नाही असं. बघता बघता जगभरातले नावाडी त्यांचं ऐकू लागले. कुणी शिवीगाळ केली की मेट्रन फक्त "बाहेर थांबा" असं लिहायच्या, आणि माणूस खरोखरच दोन दिवस फिरकायचा नाही.

आणि अशात जावयाने जाहीर केलं की 'नाव' पूर्ण झाला. अर्ली अ‍ॅक्सेस संपलं. येत्या महिन्यात पूर्ण आवृत्ती येणार, धुकं विरणार आणि पलीकडचा काठ दिसणार.

हा निर्णय त्याने काही एकट्याने घेतला नव्हता. बायको बरेच दिवस टोचत होती. "सहा वर्षं 'होत आलंय' ऐकतेय मी. माझ्याकडे कुणाचं रूट कॅनाल सहा वर्षं चाललं ना, तर तो पोलीस घेऊन येईल." शिवाय गेमच्या प्रसिद्धीचं काम बघणारा एक गृहस्थ होता. तो व्हिडिओवरच भेटायचा, आणि प्रत्येक वाक्यात 'प्रवास' हा शब्द घालायचा. तो म्हणाला, "लोकांना या प्रवासाचा शेवट हवाय. पलीकडे गाव पाहिजे. गावात दुकानं पाहिजेत. दुकानात नावाड्यासाठी टोप्या पाहिजेत."

"टोप्या कशाला?" जावयाने विचारलं.

"टोप्यांशी लोकांचं भावनिक नातं जुळतं."

तर गाव तयार झालं. चित्रकाराने खरोखर जीव ओतला. उतरत्या गल्ल्या, दुमजली घरं, वाळत घातलेले कपडे, एक टोप्यांचं दुकान. आता नावाड्यालाही होडीतून उतरून गावात फिरता येणार होतं.

जाहीर झालं त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चर्चेच्या पानावर 'धुकं राहू द्या' नावाची मोहीम उभी राहिली. सगळ्यात वर सही होती मेट्रनची.

जेवायला तिघंही एकाच टेबलाशी बसली. सासूबाई जावयाशी बोलेनात. मध्ये लेक बसली होती, तिच्यामार्फत कारभार चालला.

"तुझ्या नवऱ्याला म्हणावं, भाजी वाढून घ्या. आणि चांगलं चाललेलं बिघडवू नये."

"आई, अगं तो समोरच बसलाय."

"दिसतंय मला. ऑपरेशन गुडघ्याचं झालंय, डोळ्यांचं नाही."

जावई घसा खाकरून म्हणाला, "आईंना सांग, सहा वर्षं लोक विचारतायत पलीकडे काय आहे म्हणून."

"विचारू दे," सासूबाई आमटीच्या वाटीकडे बघत म्हणाल्या. "विचारणाऱ्याला प्रत्येक वेळी उत्तर हवं असतं असं नाही. कित्येकांना नुसती सोबत हवी असते."

जावयाने मुकाट भाजी वाढून घेतली. हे वाक्य जाहिरातीत घालता आलं असतं, पण मागायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याने चर्चेच्या पानावर भलंमोठं निवेदन टाकलं. भिंतीपलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली, आणि निवेदनाखाली उत्तर उमटलं: "वाचलं. पटलं नाही. मेट्रन." लागलीच त्याला हजारो लोकांनी दाद दिली. पाठोपाठ मधल्या खोलीतून आवाज आला, "चहा टाकतेय गं, तुझ्या नवऱ्याला हवाय का विचार!"

पूर्ण आवृत्तीचा दिवस उजाडला. सकाळी सकाळी प्रसिद्धीवाला पडद्यावर अवतरला, बायको दवाखान्यात उशिरा जायचं ठरवून जावयाच्या खुर्चीमागे उभी राहिली, चित्रकार नखं खात बसली. जावयाने बटण दाबलं. काहीच झालं नाही. म्हणजे जे व्हायचं ते झालं, पण खोलीत काही हललं नाही. सहा वर्षांचं काम संपलं आणि फ्रिज तेवढा घरघरत राहिला.

"अभिनंदन," बायको म्हणाली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवून गेली. त्याला एकदम रिकामं वाटलं. उद्या कुणी "काय चाललंय?" म्हणून विचारलं, तर आता काय सांगायचं?

पण उद्यापर्यंत थांबायची वेळच आली नाही. तासाभरात अभिप्राय येऊ लागले. 'नाव'ला लोकांनी इतकी नावं ठेवली, की चित्रकाराने हसावं की रडावं ते न कळून दोन्ही केलं.

"पलीकडे गाव आहे. बस, एवढंच?"

"माझी बायको सोडून गेली तेव्हा हे धुकं माझ्यासोबत होतं. आता तिथे टोप्यांचं दुकान आहे."

"धुकं म्हणजे विस्मरण, असा माझा शोधनिबंध छापून यायचा होता. याला जबाबदार कोण?"

"टोपी चांगली आहे, पण लालमध्ये हवी होती."

दुपारी जावयाने घाईघाईने एक सोय केली. खेळणाऱ्याने हवं तर धुकं सुरू करावं, नको तर बंद करावं. आता तरी सगळे खूश होतील असं त्याला वाटलं. पण गेम उघडल्यावर मुळात धुकं सुरू असावं की बंद, यावरून नवं भांडण पेटलं. धुकंवाले गाववाल्यांना भित्रे म्हणू लागले, गाववाले धुकंवाल्यांना आंधळे. दोन्ही पक्षांनी मिळून जावयाला मात्र विकला गेलेला ठरवलं. तो नक्की कुणाला विकला गेला होता हे कळलं असतं, तर त्याने जाऊन आनंदाने पैसे घेतले असते.

नवल म्हणजे मेट्रन गप्प होत्या. लोक सारखे विचारत होते, मेट्रन कुठे आहेत, मेट्रन काय म्हणतात. जावयालाही राहवेना. तो मधल्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. सासूबाई लॅपटॉप मिटून बसल्या होत्या.

"आई, धुकं परत सुरू करता येतं आता. मी करून देऊ?"

त्या थेट त्याच्याशी बोलल्या. महिनाभरात पहिल्यांदा.

"एकदा कळल्यावर झाकून काय उपयोग? तिकडे टोप्या विकतात हे मला माहीत झालं ना आता."

जावई परत जायला वळला.

"बसा," त्या म्हणाल्या. तो पलंगाच्या कडेला बसला. "इतकी वर्षं वॉर्डात काम केलं. किती माणसं माझ्या हातून गेली. जाताना बोलत असायची. कुणी घराची किल्ली कुठेय ते सांगायचं, कुणी नुसतंच बडबडायचं. मी हात धरून बसायचे. मग ती जायची, आणि मी उठून पुढच्या खाटेपाशी. पलीकडे काय असेल हा विचार मी केला नाही. केला असता तर दुसऱ्या दिवशी कामावर जाता आलं नसतं." त्यांनी चष्मा पुसला. "तुमच्या होडीत बसलं की वाटायचं, हे काम मला येतं."

सहा वर्षांत त्याच्या गेमबद्दल इतकं खरं कुणी बोललं नव्हतं. प्राध्यापकसुद्धा.

"मला माहीत नव्हतं," तो एवढंच म्हणाला.

"तुम्हाला कसं असणार? तुम्ही तर काठ बनवायला विसरला होतात." त्यांनी लॅपटॉप उघडला. "जा आता. तोंड धुवा. दोन दिवसांची दाढी आहे."

पुढचे काही दिवस मधल्या खोलीचं दार लोटलेलं असायचं. आतून वल्ह्याचा आवाज यायचा, मग होडी काठाला लागल्याचा, आणि मग पावलांचा. फरशीवर वाजणारी, थांबणारी, पुन्हा चालणारी पावलं. म्हणजे सासूबाई गावात उतरत होत्या. जावई भिंतीला कान लावून बसायचा, बायको त्याला हाताला धरून उठवायची.

रविवारी नाश्त्याला सासूबाई आल्या आणि बशी सरकवून म्हणाल्या, "जावईबुवा, गाव सगळं फिरून झालं."

जावयाने हातातला घास परत बशीत ठेवला.

"चौकातल्या नळाला पाणी नाही. तोटी फिरते, पाणी येत नाही. वरच्या गल्लीतल्या घराला जिना आहे, पण तो खिडकीत जातो. पिंजरा घेऊन गेलेला तो माणूस भेटला, पिंजरा आहे, पक्षी नाही. विचारलं तर म्हणतो 'बरंय, येतो' आणि भिंतीत शिरतो. आणि नदीकाठी छान बाक ठेवलंय, त्याचं तोंड भिंतीकडे. नदीकडे पाठ करून कोण बसतं?"

"राहिलं असेल," जावई चाचरत म्हणाला. "घाईत... पुढच्या वेळी दुरुस्त करतो."

"म्हणजे गेम पूर्ण झालेला नाही."

"तसा... नाही."

सासूबाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं. त्या उठल्या आणि खोलीत गेल्या. थोड्याच वेळात चर्चेच्या पानावर उमटलं: "स्वतः जाऊन पाहणी केली. गेम अजिबात पूर्ण झालेला नाही. बरंच काम बाकी आहे. सर्वांनी आपापल्या होड्यांवर परत यावं. मेट्रन."

दोन्ही पक्षांत आनंदाला उधाण आलं. लोक एकमेकांना जिन्याचे फोटो पाठवू लागले. खिडकीत जाणारा जिना म्हणजे अपुरी इच्छा, असं प्राध्यापकाने त्याच दिवशी लिहिलं. 'विकला गेलेला' हा शब्द पानावरून नाहीसा झाला. प्रसिद्धीवाल्याने आनंदाने फोन केला, "हा तर प्रवासाचा नवा टप्पा! आपण याला 'कायम घडत राहणारा गेम' म्हणू!"

बायको दात घासत ऐकत होती. चूळ भरून ती म्हणाली, "म्हणजे पुन्हा 'होत आलंय'?"

जावयाने तिच्याकडे पाहिलं नाही, पण तो हसत होता हे तिला आरशात दिसलं.

दुपारी त्याने चित्रकाराला फोन करून पक्षी मागितला, नळात पाणी सोडलं, आणि बाकाचं तोंड नदीकडे फिरवलं. जिना मात्र त्याने तसाच ठेवला, त्याच्यावर आता लोकांचा हक्क होता. मग तो कान देऊन बसला. भिंतीपलीकडे वल्हं वाजलं, होडी थडकली, पावलं चौकातून गेली, नळाचं पाणी पडलं, आणि बाक हलकेच करकरलं. त्यानंतर बराच वेळ काहीच आवाज नाही. नुसती नदी.

"जावईबुवा," आतून हाक आली, "ऊन डोळ्यांवर येतंय हो इथे!"