बारा घरांचं अक्षर

नाशिकच्या गंगापूर रोडवर औषधांची एक एजन्सी आहे. तिथले कॉम्प्युटर शहनाज सांभाळते. प्रिंटर अडला, बिल निघेना, की सगळे तिच्या नावाने हाक मारतात. पण ही चौतीस वर्षांची बाई 'भंगार कन्सोल' नावाच्या टेलिग्राम ग्रुपची ॲडमिन आहे, हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. ग्रुपवर दोनशेच्या वर माणसं होती. कुठल्याही कंपनीचा नवा फोन आला की इथे मराठीतून भांडणं व्हायची. चिपसेट किती तापतो, कॅमेरा खरंच सुधारला की नुसता गोल केला, सुपरहिरोंचे सिनेमे आता बंद करावेत की नाही, असं काहीही. पण ग्रुपचा खरा जीव हातात धरून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेममध्ये होता.

त्यातल्या एका गेमवर तिघेजण दोन वर्षं काम करत होते. पंचवीसेक वर्षांपूर्वीचा जपानी गेम, जपानबाहेर कधी आलाच नाही. नदीकाठचा एक नावाडी रोज माणसं पलीकडे नेतो, त्यांच्या गप्पा ऐकतो आणि त्या गप्पांतून गावातल्या एका हरवलेल्या माणसाचा माग काढतो. मारामारी नाही, उड्या नाहीत, नुसतं बोलणं. ग्रुपने त्याचं नाव 'नावाडी' असंच ठेवलं होतं आणि तो मराठीत आणायचा घाट घातला होता. जपानी शिकलेली वैष्णवी भाषांतर करायची. चांदवडचा दिनेश दिवसा कांदा साठवायच्या चाळी बांधायचं काम बघायचा आणि फावल्या वेळात गेमच्या फायली उसवायचा. शहनाज मजकूर तपासायची आणि दोघांमधली भांडणं मिटवायची.

भाषांतर होऊन सहा महिने झाले होते. अडलं होतं ते अक्षरांपाशी. त्या जुन्या यंत्रात प्रत्येक अक्षराला आडवी बारा आणि उभी बारा घरं मिळत. घर एक तर काळं, नाही तर रिकामं. तेवढ्यात वेलांटी, उकार, जोडाक्षर सगळं बसवायचं. दिनेशने कॉम्प्युटरवरची नेहमीची अक्षरं आक्रसून त्या चौकटीत कोंबली होती. 'क'सारखी अक्षरं कशीबशी ओळखू यायची. 'स्त्री' म्हणजे मात्र काळा डाग.

त्यात सप्टेंबरमध्ये एका मोठ्या परदेशी कंपनीचा कार्यक्रम झाला. ग्रुप नेहमीप्रमाणे तो लाइव्ह बघत होता. स्टेजवरच्या माणसाने फोन एका जुन्या जपानी जाहिरातीसमोर धरला आणि फोनच्या पडद्यावर तीच जाहिरात इंग्रजीत उमटली. मग स्पॅनिशमध्ये. भाषांची यादी सरकत गेली आणि त्यात मराठीही होती. ग्रुपवर दोन मिनिटं टाळ्यांच्या खुणांचा पाऊस पडला. मग कुणीतरी लिहिलं, "म्हणजे आता 'नावाडी'समोर फोन धरला की झालं!"

दिनेशने थोड्या वेळाने एकच ओळ टाकली. "दोन वर्सं फुकट घालवली आपण. मी थांबतो."

शहनाजने त्याला फोन लावला.

"दिनेश, असं एकदम काय ठरवतोस?"

"ताई, तुम्हीच सांगा. ती अक्षरं तर काय वाचता येत नाय. आन आता फोन करतोय ना सगळं. मग आपण कशापायी डोळे फोडायचे?"

"बरं," म्हणून तिने फोन ठेवला.

रविवारी दुपारी ती नाशिक रोडच्या घरी लॅपटॉप उघडून नुसती बसली होती. नवरा मुस्तकीम एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाळीवर गेला होता. घरात ती आणि तिचे वडील, फारुख. मालेगावात अडतीस वर्षं त्यांनी मागांसाठी नक्षी काढली. साडीच्या काठावर जे फूल यायचं, ते आधी ग्राफच्या कागदावर एकेक घर भरून काढावं लागे आणि मग त्याबरहुकूम मागावरच्या जकार्ड यंत्राच्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडली जात. लोक त्यांना मास्तर म्हणत. अम्मी गेल्यावर गेल्या वर्षी ते लेकीकडे राहायला आले होते. सकाळी एक फेरी, दुपारी वर्तमानपत्र, आणि बाकी वेळ खिडकी. वर्तमानपत्र उर्दू. शिक्षण उर्दू शाळेतलं, त्यामुळे मराठी बोलता यायचं, वाचता नाही; बसच्या पाट्याही ते नुसत्या आकारावरून ओळखायचे.

ते पाण्याचा ग्लास घेऊन मागून गेले आणि थांबले.

"हे काय आहे? नक्षी आहे का?"

"अक्षरं आहेत, अब्बा. मराठी."

ते वाकले, चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला. "कुणी भरली? घाईत भरलीत. हे विणलं तर काठ फाटका दिसेल."

शहनाजला हसू आलं, पण तिने सगळं सांगितलं. बारा घरं, दिनेश, जपानी गेम आणि तो फोन. ते खुर्ची ओढून बसले आणि शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"आमच्याकडे डिझाइनचा कॉम्प्युटर आला तेव्हा मीही असाच बसलो होतो," ते म्हणाले. "सेठ म्हणाला, मास्तर, हा एका दिवसात दहा काठ काढतो. मी त्याच दिवशी सामान गुंडाळलं. नंतर लोक त्याचे कागद घेऊन घरी यायचे. मास्तर, एवढं फूल सुधारून द्या, मागावर बिघडतंय. मी म्हणायचो, जा, कॉम्प्युटरलाच विचारा. दोन वर्षं रुसून होतो. नुकसान कुणाचं झालं? माझंच. हात बसून गेला, आणि मजा यायची तीही गेली." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "तुला मजा येत होती ना यात?"

"खूप."

"मग त्या फोनचा काय संबंध?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते स्वतः जाऊन ग्राफची वही आणि दोन पेन्सिली घेऊन आले. शहनाजने त्यांना एका कागदावर मोठ्ठा 'क' काढून दिला.

"याला काय म्हणतात ते सांगू नकोस अजून," ते म्हणाले. "आधी आकार कळू दे."

पहिल्या आठवड्यात त्यांनी अकरा अक्षरं काढली आणि सगळी खोडली. मग त्यांनी चौकटीचं वाटप ठरवलं. वरच्या तीन ओळी मात्रा आणि वेलांटीच्या डोक्यासाठी. चौथी ओळ शिरोरेषेची, आणि ती शक्यतो बाराही घरं भरून, म्हणजे शेजारच्या अक्षराची रेघ आपोआप जोडली जाईल. खाली सहा ओळींत अक्षर, शेवटच्या दोन उकारासाठी. दिनेशच्या अक्षरांत रेघ मध्येच तुटत होती, म्हणून शब्द एकसंध दिसत नव्हता. ही साधी गोष्ट तिघांपैकी कुणाच्या लक्षात आली नव्हती.

"तिरपी रेघ ग्राफवर पायऱ्यांची होते," ते शहनाजला दाखवत म्हणाले. "पायऱ्या एकसारख्या ठेवल्या की लांबून डोळ्याला रेघच दिसते. एक पायरी चुकली की डोळा तिथेच अडकतो. आणि सगळं भरायचं नाही. थोडं सोडायचं. बाकीचं बघणारा भरून घेतो."

मग ते विचारायला लागले. कुठली अक्षरं एकमेकांसारखी दिसतात? शहनाजने 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' जोडीने काढून दाखवले. 'ख' कधी कधी 'रव' वाचला जातो, हेही सांगितलं. ते त्या जोड्यांवर दिवसच्या दिवस बसत. जेवताना मध्येच म्हणत, "त्या 'ध'ची गाठ एक घर वर न्यायला पाहिजे." मुस्तकीम आधी बायकोकडे बघायचा, मग सासऱ्यांकडे, आणि भाकरी मोडायचा.

तीस अक्षरं झाल्यावर शहनाजने वहीच्या पानांचे फोटो काढून दिनेशला पाठवले. सोबत काही लिहिलं नाही. पाऊण तासाने त्याचा फोन आला.

"ताई, हे कोणी केलं?"

"अब्बांनी."

"तुमचे वडील डिझायनर हायेत?"

"मागावरचे. मालेगावात त्यांना मास्तर म्हणतात."

"फोटोतून घरं वाचायचा प्रोग्राम मी लिहितो. तुम्ही एकेक घर टाइप करत बसू नका. लय येळ जाईल. आन मास्तरांना सांगा, पेन्सिल जरा गडद दाबा."

दिनेशने मोजून सांगितलं की भाषांतरात एकूण सातशे बारा वेगवेगळी अक्षरं लागतात, मात्रा आणि जोडाक्षरांसकट. ऐकून शहनाजच घाबरली. फारुख म्हणाले, "एका शालूला याच्याहून जास्त पत्ते लागायचे."

दिवाळी गेली, थंडी आली. ते सकाळची फेरी आटोपून नऊला वही उघडत आणि जेवणापर्यंत बसत. दुपारी पुन्हा तासभर. वैष्णवी कॉलेज रोडवरून कधी कधी यायची आणि त्यांच्या शेजारी बसून भाषांतरातली वाक्यं वाचून दाखवायची, कारण अक्षर वाक्यात कसं दिसतं ते त्यांना बघायचं असे. तिने एकदा तो नवा फोनही आणला. आता तर खरंच बघू, म्हणून तिघांनी तो 'नावाडी'च्या पडद्यासमोर धरला. नावाड्याची बायको नवऱ्याला जेवायला हाक मारते, तो प्रसंग होता. फोनवर मराठी उमटलं, 'कृपया अन्न ग्रहण करा, ते थंड होत आहे.'

"चूक नाही काही," वैष्णवी म्हणाली.

"नाही ना," शहनाज म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या.

फारुखनी अर्थ विचारून घेतला. "आणि तू काय लिहिलंस?"

"'चला, बसा आता. गार होतंय.'"

"ही घरातली बाई वाटते," ते म्हणाले, आणि पुन्हा पेन्सिल उचलली.

सगळ्यात शेवटी 'स्त्री' राहिली. चार दिवस लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी वही बंद करून टाकली आणि चिडून खिडकीशी जाऊन बसले. चौथ्या दिवशी 'स'चा अर्धा भाग दोन घरांत मावला, 'त्र'ची तिरकी रेघ आखूड झाली आणि वेलांटी कडेला सरळ उभी राहिली. शहनाज एजन्सीतून आली तेव्हा त्यांनी वही तिच्यापुढे सरकवली.

"वाच."

"स्त्री," ती पटकन म्हणाली.

"अडखळली नाहीस," ते म्हणाले. एवढंच. पण त्या रात्री ते मुस्तकीमशी जेवणभर मालेगावच्या गोष्टी बोलत होते. बऱ्याच महिन्यांनी.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी 'नावाडी'ची मराठी फाईल ग्रुपवर टाकायची ठरली. वैष्णवी सकाळीच आली होती, आणि दिनेश त्यासाठी चांदवडहून एसटीने आला. आतापर्यंत त्याला यांच्यापैकी कुणी प्रत्यक्ष पाहिलंच नव्हतं. दारात उभ्या राहिलेल्या त्या उंच, उन्हाने रापलेल्या माणसाने फारुखना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "मास्तर, तुमच्या 'ळ'नं मला रडवलं बघा. फोटोत पेन्सिल पुसट होती, प्रोग्राम त्याला फूलच समजायचा."

"फूलच आहे ते," फारुख म्हणाले. "मी काठावरचंच काढलंय."

अकरा वाजता शहनाजने फाईल टाकली. श्रेयांच्या यादीत पहिलं नाव होतं, अक्षरं : फारुख मास्तर, मालेगाव. दहा मिनिटं सगळे ती उतरवून घेत होते. मग एकेकजण आपल्या पडद्याचे फोटो टाकायला लागला. कुणी होडीचा, कुणी धुक्यातल्या घाटाचा, आणि प्रत्येकावर खाली ती ठसठशीत मराठी ओळ. एकाने लिहिलं की त्याची आई सावित्रीबाई, जिने जन्मात गेम हातात धरला नव्हता, ती आता नावाड्याच्या गप्पा मोठ्याने वाचतेय आणि यंत्र परत द्यायला तयार नाही. शहनाजने तो निरोप दोनदा वाचून दाखवला.

जेवणं झाल्यावर दिनेशने आपलं जुनं यंत्र फारुखच्या हातात दिलं. आधी ते नको म्हणाले. मग कोणतं बटण कशाला, ते विचारून घेतलं. पडद्यावर पहाट झाली, नावाड्याने दोर सोडला आणि पहिली म्हातारी होडीत येऊन बसली. खाली शब्द उमटले. फारुखनी यंत्र डोळ्यांजवळ नेलं आणि बोट लावत लावत, एकेक अक्षर जुळवत वाचलं.

"'ज... रा... हळू... ने... रे... बाबा.'" ते थांबले. "जरा हळू ने रे बाबा! असंच आहे ना?"

"अगदी असंच," वैष्णवी म्हणाली.

पुढचं वाक्य त्यांनी जरा लवकर वाचलं. त्याच्या पुढचं आणखी लवकर. दिनेशची चारची एसटी गेली. मुस्तकीम म्हणाला, मी द्वारका चौकापर्यंत सोडतो, तिथून पाचला दुसरी मिळेल. दोघे निघाले तरी फारुख वर बघेनात. होडी नदीच्या मध्यावर आली होती आणि म्हातारी बोचकं उघडत होती.

दारातून वळून दिनेश म्हणाला, "मास्तर, त्या बोचक्यात काय हाय सांगू का? त्यात ना—"

फारुखनी हात वर केला. "नको. मला वाचू दे."