मागच्या फळीवरचा माणूस

सुताराच्या मनात संशय शिरला तो एका कोरड्या कॉलरवरून.

रविवारी सकाळी तलावाच्या धक्क्याला होडी बांधताना त्याचा स्वतःचा सदरा पिळून काढावा इतका भिजला होता. आणि त्याच होडीतून, तेवढंच पाणी कापून उतरलेला त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, नुकताच इस्त्रीखालून निघाल्यासारखा उभा होता. कॉलर कोरडी, पाठ कोरडी, बाह्यांची बटणंसुद्धा लावलेली.  त्या दिवशी होड्या धुताना त्याचं अर्धं लक्ष बादलीत होतं आणि अर्धं त्या कॉलरवर.

होड्या धुणं ही शिक्षा होती. सुतार आणि त्याचे काही मित्र पाच-सहा वर्षं दर रविवारी जमत. हल्ली तीन होड्या, प्रत्येकीत दोघं. तलावातल्या बेटाला वळसा घालून यायचं, आणि जी होडी शेवटी येईल तिने बाकीच्यांच्याही आतून घासून द्यायच्या. सुताराची होडी त्याने स्वतः बांधलेली, लांब आणि चिंचोळी. ती कधी पहिली यायची, फार तर दुसरी. यंदा मात्र चार रविवार ओळीने शेवटची.

आता या होडीत बसायची रीत ऐका, म्हणजे दुखणं कुठे आहे ते कळेल. दोघंही पुढे तोंड करून बसतात, एकामागे एक. मागच्याला पुढच्याची पाठ दिसते, पुढच्याला नुसतं पाणी. वळून बघावं तर होडी कलंडते. देवाने माणसाला डोळे पुढच्या बाजूला दिले आणि पाठीमागचा सगळा कारभार विश्वासावर सोडला. सुतार पुढच्या फळीवर बसायचा.

डोळे चालेनात, तेव्हा त्याने कान मागे लावले. मेहुण्याचं वल्हं पाण्यात पडल्याचा आवाज यायचा. पण आवाज काय, कुणीही काढेल. वर हा गुणगुणायचा. जीव तोडून वल्हवणाऱ्या माणसाला गुणगुणायला दम उरतो कुठून? शेजारच्या होडीतले दोघं पुढे जाताना सुताराच्या पाठीमागे बघत आणि हसत. काय आहे म्हणून विचारणं सुताराला कमीपणाचं वाटे. एका रविवारी त्याने दाढीचा आरसा आणून होडीच्या पुढच्या टोकाला ठोकला. त्यात त्याला आभाळ दिसलं आणि स्वतःची हनुवटी. आरसा कशाला म्हणून मेहुण्याने विचारलं, तर होडीला शोभा येते, म्हणाला.

मेहुणा शाळेत भूगोल शिकवायचा. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको वारली आणि तो बदली मागून बहिणीच्या गावी आला, एक खोली घेऊन राहू लागला. रविवारी सकाळी होडी आणि दुपारी बहिणीकडे जेवण, एवढाच त्याचा माणसांतला वावर. एरवी शाळा, वह्या आणि खोली. हे सुताराला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मन एकदा हिशेबाला बसलं की दया बाहेर ओट्यावर थांबते.

जेवताना पाण्याचा तांब्या देण्याच्या निमित्ताने त्याने मेहुण्याचा तळवा निरखला. मऊ. एक फोड नाही. रंधा मारून मारून निबर झालेल्या सुताराच्या हातालाही वल्ह्याने नवे फोड आणले होते.

बायकोच्या नजरेतून ते सुटलं नाही. "काय हो, माझ्या भावाचा हात कसला बघताय? भविष्य सांगायचा जोडधंदा काढलात की काय?"

बहीण-भाऊ हसले. सुताराने मान खाली घालून घास गिळला.

त्याच आठवड्यात तो वेल्डरकडे गेला. वेल्डर म्हणजे खांद्याने दार अडवणारा गडी, गटातला जुना मित्र. त्याचा जोडीदार गाव सोडून गेल्याने त्यांची चौथी होडी बंद पडली होती आणि तो हल्ली धक्क्यावर नुसता बघत बसायचा. सुताराने त्याला येता रविवार सोडून त्याच्या पुढच्या रविवारपासून मागच्या फळीवर बसायला बोलावलं. वेल्डर तयार झाला, पण मास्तरांना सांगितलंस ना, असं त्याने दोनदा विचारलं. सांगतो, असं सुतारही दोनदा म्हणाला.

सांगितलं नाही. आधी पुरावा हवा होता.

म्हणून पाचव्या रविवारी बेटाच्या अलीकडे, खोल पाण्यात, सुताराने काही न बोलता वल्हं उचलून धरलं. मागचा वल्हवत असेल तर होडी जाईल. नसेल तर थांबेल. तो मनात आकडे मोजू लागला. सातापर्यंत होडी सरकली. मग मंदावली आणि पाण्यावर गपकन बसली.

त्याच्या छातीत आनंद झाला म्हणायला लाज वाटते, पण झाला. दोन्ही कडा घट्ट धरून तो इंचाइंचाने मागे वळला. शब्द जिभेवर तयार होते.

मेहुणा उघडाबंब बसला होता. सदरा नीट घडी करून पिशवीत, पिशवी मांडीखाली. अंगावरून घामाच्या धारा. दोन्ही हातांत जाड लोकरीचे पायमोजे, आणि वल्हं मांडीवर आडवं.

"भाऊजी, छातीत दुखतंय का?" त्याने विचारलं.

सुताराने उलट विचारलं, "तू थांबलास का?"

"तुम्ही थांबलात म्हणून. गेले चार रविवार बघतोय, तुमचं वल्हं पाण्यात जातं पण होडी पुढे जात नाही. म्हटलं, भाऊजी काहीतरी लपवतायत. ताईला सांगावं तर ती घाबरेल. मग मीच दुप्पट ओढायचं ठरवलं."

"आणि हे काय? पायमोजे?"

"खडू धरायचा असतो हो. फोड आले की फळ्यावर नद्या वाकड्या जातात. आणि घामट सदऱ्याने ताईकडे जेवायला कसं यायचं? धक्का जवळ आला की अंग पुसून चढवतो. सगळा तलाव हसतो मला. तुम्हाला माहीत नव्हतं?"

सुतार खाली बघू लागला. मग हाताला सवय असल्यासारखं त्याने पायाखालच्या फळीवर बोटाने ठोकलं. आवाज भरीव आला. यायला हवा होता पोकळ. पाय कोरडे राहावेत म्हणून यंदा होडी पाण्यात सोडायच्या आधी त्याने तळावर फळ्यांचा दुसरा थर बसवला होता, आणि बोट फिरवलं तरी सांधा लागू नये इतका बेमालूम. दोन थरांमध्ये गेलेलं पाणी काढायला त्याने भोकच ठेवलं नव्हतं. महिनाभर ते दोघं अर्धा तलाव सोबत घेऊन फिरत होते.

त्याने ते सांगितलं. मेहुणा हसला, पण फार नाही.

"म्हणजे छाती ठीक आहे. बरं झालं." त्याने वल्हं हातात घेतलं. "वेल्डर परवा शाळेत आला होता. माझं वल्हं त्याला आखूड पडेल का, विचारत होता. मी म्हटलं, पडेल."

 सुताराला क्षमा मागायची होती, पण वळून बसल्याने होडी डुलत होती आणि मेहुण्याने त्याला पुढे बघायला सांगितलं. दोघं वल्हवत परत आले. शेवटचेच आले.

धक्क्यावर सगळ्यांसमोर सुताराने वेल्डरला सांगितलं की जागा रिकामी नाही, कधीच नव्हती, आणि आपण एका भल्या माणसावर खोटा संशय घेतला. वेल्डरने मान डोलावली. मेहुणा शांतपणे सदऱ्याची बटणं लावत होता. मग त्याने आपल्या वाट्याच्या होड्या धुतल्या, बादली उपडी ठेवली आणि म्हणाला, "आज जेवायला येत नाही. ताईला सांगा."

ताईला सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं. स्वयंपाकघरात तीन ताटं मांडलेली होती. सुताराने उभ्यानेच सगळं सांगितलं. कॉलर, आरसा, तळवा, वेल्डर, काही वगळलं नाही. तिने डबा भरला, झाकण दाबून बसवलं.

"घेऊन जा. आणि दारातून देऊन परत येऊ नका. आत बसा."

भर दुपारी सुतार त्या खोलीच्या दाराशी उभा राहिला. मेहुण्याने दार उघडलं, डबा पाहिला, पण घेतला नाही.

"ताईने पाठवलं का?"

"डबा तिने पाठवला. मी माझा आलोय."

 खोलीत दोनच खुर्च्या होत्या आणि एकीवर मुलांच्या वह्यांचा गठ्ठा. मेहुणा आत वळला, आणि तो गठ्ठा दोन्ही हातांनी उचलून जमिनीवर ठेवू लागला.